कासचा जांभळा कागदावर का मेला

तू विचारलंस ते असं. टॅबवर प्रोक्रिएट या चित्र काढायच्या ॲपमध्ये कास पठाराचं चित्र काढलंयस, दोन महिने खपून. साताऱ्यातच भावाच्या नव्या घरात, सोफ्याच्या वर ते लावायचंय, ३६ × २७ इंचांत. आधी एका फोटो लॅबमध्ये १२ × १८ ची प्रिंट काढून पाहिलीस, तर फुलांचा जांभळा राखट निळा आला, धुकं काळवंडलं आणि कोपऱ्यातली सही अर्धी कापली गेली. फाइल आहे २७३२ × २०४८ पिक्सेलची. ‘काका, चुकलं कुणाचं? आणि एवढी मोठी प्रिंट काढू का नको?’

काका म्हणालीस म्हणून एकेरीत लिहितो. साताऱ्यात मी २२ वर्षं फ्रेमचं काम करतोय, आणि त्यातली निम्मी वर्षं प्रिंटही स्वतःच काढतोय. दोन्ही कामं एका टेबलावर आली तेव्हापासून एक गोष्ट पक्की कळली. चित्रकार फाइलपासून निघतो आणि भिंतीपर्यंत येता येता अडकतो. भिंतीपासून निघून उलटं फाइलकडे गेलं की निम्मे प्रश्न पडतच नाहीत. म्हणून मीही त्याच वाटेनं जातो.

भावाला पहिलं विचार, सोफ्यामागची भिंत आतली आहे की बाहेरची? आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. पश्चिमेची बाहेरची भिंत जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओल धरते, वरून रंग कितीही नवा असो. तळहात टेकवला की गारवा लागतो. अशा भिंतीवर कागदावरचं चित्र लावू नको. आतली भिंत मिळत असेल तर सोफा हलवायला सांग. दुसरं, समोर मोठी खिडकी आहे का? असेल तर दिवसभर काचेत खिडकीच दिसेल, चित्र नाही. आणि तिसरं, माणूस चित्र किती अंतरावरून बघणार?

या तिसऱ्या प्रश्नावर आकार ठरतो. चांगला डोळा एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखू शकतो. त्यावरून सोपा हिशेब निघतो: ३४३८ ला अंतराच्या इंचांनी भागायचं, म्हणजे तेवढ्या अंतरावरून इंचाला किती पिक्सेल पुरतात ते कळतं. १२ इंचांवरून २८६ येतात. सगळे जण जो ३०० चा आकडा सांगतात तो असा, हातात धरून बघायच्या अंतराचा आहे. ६ फुटांवरून मात्र ४८ च पुरतात. तुझी फाइल ३६ इंचांवर ताणली तर इंचाला ७६ पिक्सेल पडतात. म्हणजे समोरच्या खुर्चीत बसलेल्याला काही खटकणार नाही.

पण कासचं चित्र कुणी खुर्चीत बसून बघत नाही. माणूस उठून जवळ जातो, तेरडा कुठला, सोनकी कुठली, सीतेची आसवं कुठं काढलीत ते शोधतो. दोन फुटांवर आला की त्याला १४३ पिक्सेल लागतात आणि तुझ्याकडं आहेत ७६. तिथं फुलांच्या जागी विरघळलेले ठिपके दिसतील. कधी औंधला श्री भवानी संग्रहालयात गेलीस तर हे स्वतःवर करून बघ. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उघडलेलं हे संग्रहालय आपल्याच जिल्ह्यात आहे आणि तिथं रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. कुठल्या चित्रासमोर आपलं पाऊल किती लांब थांबतं आणि कुठल्या चित्राकडं आपण नकळत ओढले जातो, ते लक्ष देऊन बघ. बारीक काम असलेलं चित्र माणसाला जवळ बोलावतं.

म्हणून माझा सल्ला असा: प्रिंट २४ × १८ इंचांची काढ आणि तिला रुंद माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पांढऱ्या पुठ्ठ्याची चौकट, लाव. वर आणि दोन्ही बाजूंना ४ इंच, खाली ५ इंच. खालचा जास्त ठेवायचा, कारण चारी बाजू सारख्या ठेवल्या की चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. माउंटसकट माप झालं ३२ × २७, त्यावर फ्रेमची इंचभराची लाकडी पट्टी. भिंतीवरची तुझी जागा जवळजवळ तेवढीच भरली, आणि धुक्याच्या चित्राला भोवती मोकळी पांढरी जागा मिळाली ती वेगळीच. हीच प्रिंट फ्रेमच्या कडेपर्यंत ताणलेली आणि माउंटमध्ये बसवलेली, अशा दोन्ही तऱ्हा मी गिऱ्हाइकांना शेजारी ठेवून दाखवतो. नाजूक चित्र असलं की माउंटवालीच निवडली जाते.

२४ इंचांवर तुझे पिक्सेल इंचाला ११४ होतात. तरीही फाइल तशीच देऊ नको. प्रोक्रिएटमध्ये कॅनव्हास नुसता मोठा करण्यापेक्षा चित्राची एक प्रत संगणकावर घे आणि फोटोशॉपमध्ये ‘प्रिझर्व्ह डिटेल्स’ची पद्धत निवडून ७२०० × ५४०० कर. ते जमत नसेल तर फाइल माझ्याकडं आण, करून देतो. एआयनं मोठं करून देणारी ॲप्स सध्या खूप आहेत, पण हातानं काढलेल्या चित्राला ती लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती नसलेल्या पाकळ्या घालतात, ब्रशचा ओला फटका असेल तिथं कातडीसारखा पोत काढतात. लांबून चित्र छान दिसतं, पण जवळून बघितलं की तो हात तुझा राहत नाही.

मोठं केल्यावर चित्र थोडं मऊ पडेलच. इथं तुझ्याकडं असा उपाय आहे जो फोटो काढणाऱ्याकडं नसतो: तू त्यावर पुन्हा काढू शकतेस. मोठी केलेली फाइल टॅबवर परत घे, वर नवा थर घे आणि फक्त पुढची फुलं, गवताची पाती, खडकांच्या कडा आणि सही नव्यानं काढ. धुकं, मागचा उतार, तलावाचं पाणी मऊच राहू दे. ते मऊच शोभतं. डोळा पुढची एक कड धारदार बघतो आणि सगळं चित्र धारदार मानतो. शेवटी अगदी हलका दाणा, म्हणजे बारीक ठिपक्यांचा पोत, टाक, म्हणजे धुक्याच्या चढत्या-उतरत्या छटांमध्ये पट्टे दिसत नाहीत. मोठ्या कॅनव्हासवर प्रोक्रिएट थर कमी देतं, म्हणून थर एकत्र केलेली प्रत यासाठी वापर आणि मूळ फाइलला हात लावू नको.

पुढच्या चित्राला मात्र हा उद्योग करू नको. भिंत मनात असेल तर सुरुवातीलाच मोठा कॅनव्हास घे. टॅबच्या पडद्याएवढा कॅनव्हास हा पोस्टकार्डाचा कॅनव्हास आहे; ३०० नं छापला तर तो जेमतेम ९ × ७ इंच भरतो.

सही का कापली गेली ते सांगतो, कारण ही चूक रोज घडते. लॅबचे कागद ४ × ६, ८ × १२, १२ × १८ असे असतात, म्हणजे दोनास तीन. तुझा टॅब तिनास चार. १८ इंच रुंदी भरायची तर तुझ्या चित्राला साडेतेरा इंच उंची लागते आणि कागद आहे बाराचा. लॅबच्या मशीनवर ‘कागद भरून’ हा पर्याय लावलेला असतो, तेव्हा वरून पाऊण आणि खालून पाऊण इंच गेलं. सही त्या खालच्या पाऊण इंचात होती. यापुढं ‘चित्र पूर्ण बसवा, पांढरी कड राहू दे’ असं तोंडी सांगू नको, लिहून दे. सही चित्राच्या कडेपासून किमान इंचभर आत ठेव.

आता जांभळा. इथं जरा थांबतो, कारण दुखणं खरं तिथंच आहे.

पडद्याचा जांभळा आतून पेटलेला असतो. कागदाला स्वतःचा उजेड नाही. खोलीतला जो उजेड त्याच्यावर पडतो त्यातलाच काही तो परत देतो. निळसर जांभळा, झगझगीत हिरवा, विजेसारखा निळा हे रंग शाईला सगळ्यांत जड जातात. आणि कास म्हणजे नेमके हेच रंग: सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा, तेरड्याचा गुलाबी, ओल्या गवताचा हिरवा. सोनकीचा पिवळा तेवढा शाईला सोपा जातो.

त्यात तुझ्या बाबतीत बहुतेक आणखी एक झालंय. पडदा जेवढे रंग दाखवू शकतो ती त्याची रंगकक्षा. तुझ्या टॅबची कक्षा डिस्प्ले पी-थ्री नावाची आहे, ती एसआरजीबी या नेहमीच्या कक्षेपेक्षा मोठी. प्रोक्रिएटमध्ये ही कक्षा नवा कॅनव्हास उघडताना निवडली जाते. फाइलला आपलं प्रोफाइल, म्हणजे तिचे रंग कुठल्या कक्षेत वाचायचे ते सांगणारी चिठ्ठी, चिकटलेलं असतं. ते वाटेत गळलं किंवा समोरच्या मशीननं वाचलंच नाही, की ती फाइल एसआरजीबी समजून छापली जाते. शिंप्याला माप इंचात सांगावं आणि त्यानं सेंटिमीटर समजून कापावं, तसं होतं. सगळे रंग एकदम फिके पडतात आणि जांभळा सगळ्यांत आधी. त्यातून फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली असशील तर ती लहानही झाली आणि दाबलीही गेली. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर सरळ पेनड्राइव्ह आण.

काळवंडण्याचं कारण वेगळं. तू पडदा पूर्ण उजेडावर ठेवून काढतेस, बहुतेक रात्री. तेवढा उजेड कागद कधीच देणार नाही. पडद्याचा रंग आपोआप बदलणाऱ्या ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट या सोयी बंद कर. दिवसा खिडकीपासून थोडं आत बस, टॅबशेजारी कोरा पांढरा कागद धर आणि पडद्याचा पांढरा त्या कागदाएवढा दिसेपर्यंत उजेड उतरव. आता तुझं चित्र बघ. धुकं तुला पडद्यावरच काळवंडलेलं दिसेल. ते आता उजळ. मधल्या छटा वर घे, अगदी काळ्या आणि अगदी पांढऱ्याला हात लावू नको.

जांभळ्यासाठी तू बहुधा त्याचंच सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवायला जाशील. तसं करू नको. शाईच्या आवाक्याबाहेरचा रंग आणखी बाहेर ढकलला की वेगवेगळे पाच जांभळे एकाच सपाट डागात मिसळतात आणि फुलांचे आकार जातात. त्यापेक्षा शेजारच्यांना खाली बसव. जांभळ्याच्या भोवतीचं गवत थोडं करडं, थोडं पिवळसर कर. मागचा उतार आणखी थंड आणि फिका कर. पाकळ्यांमधला फरक रंगानं नाही, उजेड-सावलीनं दाखव. जांभळा तसूभरही न वाढवता तो उठून येतो. प्रत्यक्ष पठारावरही आपल्याला तेच दिसतं: ढगाळ दिवशी फुलं जास्त पेटलेली वाटतात, कारण भोवतीचं सगळं विझलेलं असतं.

हे सगळं छापायच्या आधी पडद्यावर बघता येतं. ज्याच्याकडं छापणार त्याच्याकडून त्या कागदाचं प्रोफाइल माग आणि फोटोशॉपमध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या क्रिटामध्ये सॉफ्ट प्रूफ लाव, म्हणजे कागदावर रंग कसे येतील ते पडद्यावरच दिसतं. चित्र एकदम मलूल दिसेल, पहिल्यांदा सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. दोन मिनिटं नजर बसू दे, मग दुरुस्त्या कर.

फाइल सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, करून द्यायची का, हे बरेच जण विचारतात. दुकानात आठ-दहा शाईंचा पिगमेंट इंकजेट असेल तर करू नको. त्या मशीनचा आवाका चार शाईंपेक्षा मोठा असतो. तू आधीच चार शाईंत कोंबलंस तर तो फायदा गेला. आरजीबीत, म्हणजे पडद्याच्याच लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीत, प्रोफाइलसकट, थर एकत्र करून टिफ प्रकारची फाइल दे. चित्राचे शंभर कार्ड ऑफसेटवर छापायचे असतील तेव्हा सीएमवायके, आणि तेही प्रेसला विचारून. फ्लेक्सच्या दुकानात हे चित्र नेऊ नको. त्यांचं काम वेगळं आहे, ते चौकातून वाचायच्या अंतराचं आहे.

कागदाबद्दल. चकचकीत किंवा लस्टर, म्हणजे अर्धवट चमकीच्या, कागदावर काळा जास्त गडद येतो आणि रंग जास्त खोल. मॅट कॉटन कागदावर, म्हणजे ३०८ ग्रॅमच्या हानेम्यूले फोटो रॅगसारख्या, काळा थोडा मऊ आणि जांभळा थोडा उतरलेला येतो, पण धुकं असं येतं की हात फिरवावासा वाटतो. तुझ्या चित्रात धुकं अर्धं आहे. मी कॉटन घेईन. कॅनव्हास या चित्राला नको: विणीत बारीक फुलं हरवतात, कडा मागं वळवायला चारी बाजूंना दोन-दोन इंच जादा चित्र लागतं ते तुझ्याकडं नाही, आणि आपल्या पावसाळ्यात तो सैल पडतो.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नको, चाचणीची पट्टी काढ. पूर्ण प्रिंटच्या आधी चित्रातला सगळ्यांत अवघड तुकडा निवड, जिथं जांभळा, गवत आणि धुकं एकत्र आहे, आणि तो खऱ्याच आकारात ए-फोर कागदावर छापून घे. दोन्ही कागदांवर. पट्टी घरी ने, भावाच्या त्याच भिंतीवर चिकटपट्टीनं लाव, सकाळी बघ आणि रात्री दिवे लावून बघ. स्वस्त एलईडीखाली गुलाबी आणि जांभळा दगा देतात. रंग चुकीचा वाटला तर फाइल बदलण्याआधी बल्ब बदलून बघ. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर लिहिलेला घे.

प्रिंट आल्यावर लगेच फ्रेम करायची घाई नको. वर कोरा कागद टाकून सपाट ठेव, एरवी एक दिवस, पावसाळ्यात दोन-तीन दिवस. शाईतला ओलावा निघून जायला वेळ लागतो. तसंच बंद केलं तर तो काचेच्या आतून धुक्यासारखा बसतो. मॅट कागदावर बोटं फिरवू नको, घासल्याचा डाग निघत नाही.

आणि आता फ्रेम, जिथं मी स्वतः चुकून शिकलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाच्या आजी-आजोबांची मोठी प्रिंट मी पूर्ण गोंद लावून हार्डबोर्डवर चिकटवली, कारण सपाट दिसते म्हणून. पहिल्याच पावसाळ्यात बोर्ड फुगला, कागद वेगळा फुगला आणि आजींच्या चेहऱ्यावरून लाटा गेल्या. ती प्रिंट सुटली नाही. तेव्हापासून माझ्या टेबलावर चित्राला पूर्ण गोंद लागत नाही. कागद दमट हवेत वाढतो आणि उन्हाळ्यात आखडतो, त्याला हलायला जागा लागते. वरच्या कडेला दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, एवढ्यावर चित्र टांगायचं. बाकी तीन बाजू मोकळ्या. फ्रेमवाला सेलोटेप किंवा फेव्हिकॉल काढताना दिसला तर तिथंच थांबव.

माउंट ॲसिड-फ्री माग. ओळखायचं कसं? साध्या माउंटची कापलेली तिरपी कड चार-पाच वर्षांत तपकिरी होते आणि तो तपकिरी हळूहळू चित्रात उतरतो. मागच्या बोर्डाचंही तेच. जुन्या वाड्यांतल्या देवांच्या तसबिरी दुरुस्तीला येतात, मागं लाकडी फळ्या ठोकलेल्या. फळ्या काढल्या की कागदाच्या पाठीवर त्यांचा तपकिरी ठसा दिसतो आणि फळ्यांच्या फटी जिथं होत्या तिथं वेगळ्या रेघा. म्हणून एमडीएफ आणि प्रिंट यांच्यामध्ये एक ॲसिड-फ्री पुठ्ठा हवाच, आणि एमडीएफच्या जागी सनबोर्ड, म्हणजे प्लास्टिकचा हलका बोर्ड, मिळाला तर ओलीसाठी आणखी बरा.

माउंटची खिडकी चित्रावर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर चढते. ते चालत नसेल तर प्रिंटभोवती पांढरी कड ठेवायला सांग आणि खिडकी पाव इंच मोठी काप, खाली अर्धा इंच. त्या अर्ध्या इंचात पेन्सिलनं सही कर. तुझी कापली गेलेली सही अशी परत येईल, आणि मला ती चित्रातल्या सहीपेक्षा जास्त आवडते.

काच चित्राला टेकता कामा नये, माउंट तेवढं अंतर देतोच. ३२ × २७ इंचांची ३ मिलिमीटरची साधी काच चार किलोच्या पुढं जाते. ॲक्रिलिक निम्म्यावर येतं, पण त्यावर ओरखडे लवकर पडतात. सोफ्याच्या वर लावायचंय आणि घरात लहान मूल असेल तर ॲक्रिलिक घे. खिडकीसमोर असेल तर दाणेदार नॉन-ग्लेअर काच नको, ती चित्रच पुसट करते. म्युझियम ग्लास महाग असते आणि मागवावी लागते, पण प्रतिबिंब जवळजवळ नाही आणि अतिनील किरण ९९ टक्के अडतात. भिंत बदलता येत नसेल तरच तो खर्च कर.

फ्रेमची पट्टी सागाची, पातळ, साधी पॉलिश. खाच किमान १२ मिलिमीटर खोल हवी, नाहीतर काच, माउंट, पुठ्ठा आणि मागचा बोर्ड मिळून बाहेर येतात आणि खिळे तिरपे बसतात. मागची फट कागदी टेपनं बंद करून घे, तिथूनच कसर आत जाते. खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी गोळ्या लाव म्हणजे फ्रेम आणि भिंत यांच्यात हवा खेळते. टांगताना दोन हूक, सोफ्याच्या पाठीपासून सहा ते आठ इंच वर.

दुकानात येशील तेव्हा पेनड्राइव्हवर मूळ प्रोक्रिएट फाइल आण, नुसती जेपीजी नको. भिंतीचा दिवसा काढलेला फोटो आण, आणि लॅबची ती बिघडलेली प्रिंटही आण. तुझ्या मनातला जांभळा त्या प्रिंटपासून किती लांब होता, ते दारातल्या उजेडात तू मला बोटानं दाखवलंस की चाचणीची पट्टी कुठून काढायची ते ठरवू.